मुलाचं एक वर्तन बदलायचं असेल तर: आधी मोजा, मग हात घाला

‘तो मुद्दाम करतो’, ‘तिला कितीही सांगा, कळतच नाही’, ‘घरच्यांनी लाडावून ठेवलंय’. मुलाच्या एखाद्या त्रासदायक सवयीचा विषय निघाला की ही वाक्यं हमखास येतात. यातलं एखादं खरंही असेल, पण उद्या संध्याकाळी आपण नेमकं काय करायचं हे त्यातून कळत नाही. उपयोजित वर्तन विश्लेषण ही शाखा मुलाच्या स्वभावात शिरतच नाही. असं वागल्यावर त्याला काय मिळतं आणि काय टळतं, एवढंच ती विचारते.

मुळात तत्त्व जुनंच आहे. एखाद्या वागण्यानंतर जे घडतं, त्यावर ते वागणं पुन्हा होणार की विरून जाणार हे ठरतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगशाळेत याचा बारकाईने अभ्यास केला. १९६८ साली डोनाल्ड बेअर, माँट्रोझ वोल्फ आणि टॉड रिस्ली यांनी हे ज्ञान रोजच्या आयुष्यात वापरण्याची चौकट मांडली. तिच्यातली एक अट सुरुवातीलाच लक्षात ठेवा: जे वर्तन बदलायचं ते खरोखर महत्त्वाचं हवं. मूल बोलताना हात हलवतं किंवा नजरेला नजर देत नाही, आणि पाहुण्यांना ते विचित्र वाटतं, एवढ्यासाठी ही पद्धत वापरू नका.

पायरी १: एकच वर्तन निवडा आणि ते डोळ्यांना दिसेल असं लिहा

‘हट्टीपणा’ मोजता येत नाही. ‘गणिताची वही टेबलावरून खाली टाकणं’ मोजता येतं. तुम्ही आणि घरातली दुसरी व्यक्ती वेगवेगळे बसून मोजलंत तरी आकडा जवळपास सारखाच आला, तर व्याख्या जमली.

दुसरी कसोटी याच शाखेतल्या ऑग्डेन लिंड्स्ले यांची आहे. थोडी विचित्र, पण कामाची: मेलेला माणूसही जे करू शकतो, ते वर्तन नव्हे. ‘गप्प बसणं’, ‘त्रास न देणं’, ‘वही न फेकणं’ ही उद्दिष्टं इथेच बाद होतात. ‘अवघड वाटलं की मदत मागणं’ हे उद्दिष्ट टिकतं, कारण त्यात मुलाने काहीतरी करायचं आहे.

पायरी २: काहीही न बदलता मोजा

ही पायरी सगळेच गाळतात. साधारण आठवडाभर नेहमीसारखंच वागा आणि फक्त नोंद ठेवा: किती वेळा झालं, किंवा रडणं असेल तर किती मिनिटं चाललं. या आकड्यांशिवाय उपाय लागू पडला की नाही ते कळणारच नाही. एक चांगली संध्याकाळ गेली की फरक पडला असं वाटतं आणि एक वाईट गेली की सगळं फसलं असं. मोजता मोजताच आकडा उतरायला लागला तर मुकाट्याने मोजत राहा, हात घालू नका.

पायरी ३: आधी काय झालं, मग काय केलं, नंतर काय झालं

कागदावर तीन रकाने पाडा. समजा, सात वर्षांच्या एका मुलाची नोंद अशी आहे:

सोमवार, ६.१०. आधी: आई म्हणाली, ‘आता वजाबाकी.’ वर्तन: वही खाली टाकली. नंतर: आई रागावली, मग म्हणाली, ‘जा, तोंड धुऊन ये.’ अभ्यास तिथेच संपला.

मंगळवार, ६.०५. आधी: चित्र रंगवायला दिलं, आई शेजारी फोनवर बोलत होती. वर्तन: काही नाही.

बुधवार, ६.२०. आधी: हातच्याची वजाबाकी, दुसरं गणित. वर्तन: वही जमिनीवर. नंतर: बाबा म्हणाले, ‘राहू दे आज.’

‘चिडला’, ‘नाटक केलं’ असे शब्द यात नाहीत. जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच आहे.

आता वाचा. वर्तनामागे बहुतेक वेळा चारपैकी एखादं कारण सापडतं: कुणाचं तरी लक्ष मिळतं, हवी ती वस्तू किंवा खेळ मिळतो, नको असलेलं काम टळतं, किंवा त्या कृतीचंच शरीराला बरं वाटतं. इथे आई फोनवर असताना, म्हणजे लक्ष नसताना, वही टेबलावरच राहिली. अवघड गणित समोर आलं की ती खाली गेली आणि दोन्ही वेळा गणित टळलं. तीन नोंदींवरून निकाल लावू नका, दहा-पंधरा तरी जमू द्या. पण अंदाज कुठल्या दिशेने बांधायचा ते दिसतंय. शेजारच्या घरातलं मूल अगदी अशीच वही फेकत असेल आणि तिथे कारण लक्ष वेधणं हे असेल. मग दोघांना एकच उपाय कसा चालेल?

नोंदीत मोठ्यांचं वागणंही दिसतं, ते नजरेतून सुटू देऊ नका. ‘राहू दे’ म्हटल्याबरोबर आरडाओरडा थांबला आणि घर शांत झालं. ही शांतता बाबांना मिळालेलं बक्षीस आहे. पुढच्या वेळी ते आणखी लवकर ‘राहू दे’ म्हणतील. नकोशी गोष्ट थांबल्यामुळे वागणं पक्कं होणं, याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. इथे मुलाचं आणि बाबांचं, दोघांचंही वागणं त्यानेच पक्कं होतंय.

पायरी ४: ‘आधी’चा रकाना बदला

सगळ्यात स्वस्त उपाय इथेच असतात. दहा गणितांचं पान झाकून दोनच दाखवा. सोप्या तीन गणितांत एक अवघड मिसळा. आधी कुठलं करायचं ते मुलाला निवडू द्या. झोप, भूक, दुखणारा कान, फळ्यावरचं न दिसणं या गोष्टी तपासून घ्या. वर्तन अचानक सुरू झालं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा.

पायरी ५: तीच गोष्ट मिळवायचा दुसरा रस्ता शिकवा

माझ्या मते सगळ्या पद्धतीचा जीव इथे आहे. एडवर्ड कार आणि मार्क ड्यूरँड यांनी १९८५ मध्ये दाखवलं की वर्तनामागचं कारण ओळखून तीच मागणी शब्दांत करायला शिकवली, तर त्रासदायक वर्तन कमी होतं. आपल्या मुलाला ‘थोडं थांबू?’ किंवा ‘मदत कर’ म्हणायला शिकवायचं. बोलता येत नसेल तर खूण किंवा चित्राचं कार्ड चालतं.

हे शिकवणं भांडणाच्या वेळी नको. वातावरण शांत असताना, सोपं गणित समोर ठेवून सराव घ्या: तुम्ही आधी म्हणून दाखवा, मग अर्धं वाक्य सांगा, मग नुसतं बघा. आधार असा हळूहळू काढून घ्यायचा. आणि मुलाने मागितलं की सुरुवातीला दर वेळी, लगेच दोन मिनिटांची सुट्टी द्या. वही फेकण्यापेक्षा मागणं सोपं आणि जलद ठरलं तरच मूल मागेल.

‘मग तो सारखी सुट्टीच मागेल!’ हो, पहिले काही दिवस मागेल. त्या काळात गणितं कमी होतील, ते चालवून घ्या. नंतर ‘हे एक झालं की सुट्टी’, पुढे ‘ही दोन’, असं वाढवत न्या.

पायरी ६: हवं ते वागणं पक्कं करा

मुलाने मदत मागितली किंवा गणित पुरं केलं की काही सेकंदांत दाद द्या, आणि कशाबद्दल ते सांगा: ‘अडलं तेव्हा विचारलंस, छान.’ नुसतं ‘शहाणं बाळ’ म्हणून मुलाला काही कळत नाही. बक्षीस कुठलं द्यायचं हे तुमच्या आवडीवर नाही, परिणामावर ठरतं. कितीही महागडी वस्तू आणा, तिच्यामुळे ते वागणं वाढलं नाही तर तिला प्रबलन, म्हणजे वागणं पक्कं करणारी गोष्ट, म्हणता येत नाही. ‘आधी दोन गणितं, मग चेंडू’ ही साधी मांडणी बहुतेकदा पुरते. मात्र हे आधी ठरलेलं हवं. वही हवेत असताना ‘थांबलास तर चेंडू देईन’ म्हटलंत, तर वही फेकणंच पक्कं होईल.

पायरी ७: जुन्या वागण्याला जुना परिणाम देऊ नका

आता वही खाली पडली तरी गणित संपत नाही. न रागावता, न ओढाताण करता वही उचलून ठेवा, ‘मदत हवी?’ एवढंच विचारा आणि थांबा. लागलंच तर गणित सोपं करा, पण रद्द करू नका.

इथे एक गोष्ट आधीच माहीत हवी. नेहमीचा परिणाम मिळेनासा झाला की वर्तन कमी होण्याआधी बरेचदा वाढतं: वहीसोबत कंपासपेटीही जाते, आवाज चढतो. घरोघरी नेमकं याच क्षणी कुणीतरी हार मानतं आणि मूल शिकतं की जोर वाढवला की काम होतं. अधूनमधून फळणारी सवय तर रोज फळणाऱ्या सवयीपेक्षा चिवट निघते. म्हणून घरातले सगळे एकसारखं वागणार असतील तरच ही पायरी सुरू करा. नाहीतर चार ते सहा याच पायऱ्यांवर काम चालू ठेवा. मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल तर घरच्या घरी प्रयोग नको, प्रशिक्षित तज्ज्ञाची देखरेख लागतेच.

शिक्षेला मी या यादीत जागा दिलेली नाही. ती त्या क्षणी वर्तन थांबवते, म्हणूनच शिक्षा करणाऱ्याला तिची सवय लागते. पण त्याऐवजी काय करायचं हे मुलाला कळत नाही. या शाखेच्या इतिहासातही हा डाग आहे. ओले इवार लोवास यांच्या १९८७ च्या गाजलेल्या अभ्यासात स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना आठवड्याला ४० तास शिकवलं गेलं, आणि त्यात ओरडणं, क्वचित मांडीवर चापट मारणं हेही होतं. आज अनेक स्वमग्न प्रौढ या शाखेवर कडक टीका करतात: मुलाला बरं वाटण्यापेक्षा इतरांसारखं दिसण्यावर भर दिला गेला, असं त्यांचं म्हणणं आहे. तज्ज्ञ निवडताना उद्दिष्टं कोण ठरवतं आणि मूल ‘नको’ म्हणालं तर काय करता, हे दोन प्रश्न जरूर विचारा.

पायरी ८: आकड्यांकडे परत या

मोजणी चालूच ठेवा आणि चौकटीच्या कागदावर रोज एक ठिपका द्या. दोन आठवड्यांत रेघ हलली नाही तर मुलाला दोष देऊ नका, तिसऱ्या पायरीवरचा अंदाज चुकला असणार. रकाने पुन्हा वाचा. रेघ खाली आली तर बक्षीस विरळ करत न्या: दर वेळी, मग अधूनमधून, मग नुसती दाद. शेवटी जागा आणि माणसं बदला. आईजवळ मदत मागणारं मूल वर्गात आपोआप मागेल असं धरून चालू नका; ‘थोडं थांबू?’ या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते शिक्षकांनाही सांगून ठेवा.