लसीनंतर लेकराला त्रास झाला, भरपाई मागायची तर सुरुवात कुठून करायची

बरेच पालक हे विचारून राहिले म्हणून लिहितो. पहिले एक समजून घ्या, नेटवर भरपाईबद्दल जे सापडतं ते बहुतेक अमेरिकेचं असतं. तिथे 1986 च्या कायद्याने वेगळा फंड आहे, लसींवरच्या टॅक्समधून पैसा येतो आणि चूक कोणाची ते दाखवावं लागत नाही. आपल्याकडे लेकरांच्या नेहमीच्या लसींसाठी असा फंडच नाही, त्यामुळे इथे कोणाची तरी चूक सिद्ध करावी लागते, आणि त्यासाठी लागणारे कागद सुरुवातीच्या दिवसांत झाले तर झाले, नंतर फार कठीण.

आधी अर्थातच दवाखाना, नागपुरात मेयो, मेडिकल ही सरकारी हॉस्पिटलं, जे जवळ असेल ते. लेकराला अॅडमिट करावं लागलं, अपंगत्व आलं किंवा लेकरू गेलं, तर ही गंभीर केस आहे आणि तिची एईएफआय, म्हणजे लसीनंतर झालेला त्रास, म्हणून नोंद झालीच पाहिजे. आशाताई, नर्स किंवा डॉक्टरला सांगा, पण तोंडी सांगून थांबू नका. शहरात मनपाच्या आरोग्य विभागात, गावात जिल्हा परिषदेच्या, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लस प्रायव्हेटमध्ये घेतली असली तरी नोंद करता येते. लेकरू गेलं असेल तर पोस्टमॉर्टेमला नाही म्हणू नका, बोलायला फार जड आहे हे, पण त्याच्याशिवाय कारण ठरवणं अवघड होतं.

मग एईएफआयची सरकारी समिती कारण ठरवते, लसीमुळे, लसीच्या क्वालिटीमुळे, देताना झालेल्या चुकीमुळे, भीतीमुळे की निव्वळ योगायोग. भरपाईसाठी सगळ्यात भक्कम म्हणजे देतानाची चूक. यवतमाळ जिल्ह्यात 2021 मध्ये 12 लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं, तसं काही. ताप, सूज, इंजेक्शनच्या जागी गाठ एवढ्यावर केस उभी राहत नाही. ऑटिझमचा दावा तर करूच नका, लसीशी संबंध जोडणारा 1998 चा पेपर 2010 मध्ये मागे घेतला गेला, वकिलाची फी वाया जाईल.

कागद म्हणजे लसीकरण कार्ड, लसीचं नाव, बॅच नंबर, तारीख आणि वेळ. दवाखान्याचे इनडोअर पेपर, म्हणजे अॅडमिट असतानाचे कागद, लेखी मागा, 72 तासांत द्यायचा नियम आहे. सरकारी कागद अडकले तर आरटीआय टाका, 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे.

प्रायव्हेटमध्ये पैसे देऊन लस घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, मुदत 2 वर्षं. सुप्रीम कोर्टाने 1998 मध्ये सांगितलंय की अशा केसमध्ये लेकरासोबत आईबापालाही भरपाई मिळू शकते, म्हणून दोघांची मागणी एकाच तक्रारीत लिहा. निष्काळजीपणा दाखवायला दुसऱ्या बालरोगतज्ज्ञाचं लेखी मत लागेल, ते आधीच मिळवा. सरकारी केंद्रात फुकट घेतली असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता साधारण बंद, जिथे सगळ्यांनाच सेवा फुकट असते ते दवाखाने 1995 च्या निकालाने त्यातून बाहेर आहेत. मग दिवाणी दावा किंवा हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट, म्हणजे सरकारविरुद्ध थेट याचिका, यात चांगला वकील पाहिजेच.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाई आणि लेकरू यांना उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो, म्हणून अर्ज आईच्या किंवा लेकराच्या नावाने करा. आणि बाकीच्या लसी स्वतःच्या मनाने बंद करू नका, पुढची कोणती द्यायची ते डॉक्टरकडून लिहून घ्या.