पदवीच्या पोरांनी केलेल्या संशोधनाचा इतिहास कसा शोधायचा

एप्रिलातल्या दुपारी दोनला, जुळे सोलापुरात चार जिने चढून कुणी आलं तर समजायचं, गरज मोठी आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी होती. फील्ड प्रोजेक्टचा विषय म्हणे ‘आपल्या विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांनी केलेलं संशोधन : इतिहास’. पाणी प्यायली आणि म्हणाली, “मॅडम, नेटवर सगळं नवीन शैक्षणिक धोरणापासूनच सुरू होतंय. आधी काही नव्हतंच का?”

मी कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. आधी होतं, भरपूर होतं. फक्त त्याला संशोधन म्हणत नव्हते आणि जपतही नव्हते. तिला जे सांगितलं ते इथं लिहितेय, कारण असे चार जिने चढणारे अजून निघतील.

आधी विद्यापीठ कुठलं ते ठरवा. इथंच बहुतेकांची गाडी अडते. सोलापूर विद्यापीठ सुरू झालं १ ऑगस्ट २००४ ला, एकाच जिल्ह्यापुरतं, आणि तेही शिवाजी विद्यापीठाच्या इथल्या पदव्युत्तर केंद्राच्या जागी. त्याआधी १९६२ पासून आपण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, १९४९ पासून पुणे विद्यापीठात आणि त्याच्याही आधी मुंबईत. दयानंद कॉलेज १९४० चं, म्हणजे त्यानं चारही विद्यापीठं पाहिली. संगमेश्वर १९५३ चं, त्यानं तीन. तेव्हा २००४ च्या आधीचे विद्यापीठाचे वार्षिक अहवाल केगावात, म्हणजे आत्ताच्या विद्यापीठाच्या आवारात, शोधत बसू नका, कोल्हापूरचा रस्ता धरा. हातातल्या कागदावर साल नसेल तर नाव बघा. नुसतं ‘सोलापूर विद्यापीठ’ असेल तर तो २००४ ते २०१९ मधला, ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर’ असेल तर त्यानंतरचा. इंग्रजीत ‘शोलापूर’ दिसलं तर कागद चांगलाच जुना, हातात धरतानाच जपा.

मग त्या त्या काळाची अभ्यासक्रमाची पुस्तिका मिळवा. कुठल्या पेपरला प्रकल्पाचे गुण होते ते तिथं कळतं. गुण होते म्हणजे प्रकल्प झाले, आणि प्रकल्प झाले म्हणजे त्यांच्या अहवालांची बाइंडिंगं कुठंतरी पडली असणार. ती ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत नसतात, कारण विकत घेतलेली नसतात. विभागातल्या कपाटावर, कपाटामागे, प्रयोगशाळेच्या सिंकखाली बघा. शिपायाला विचारा, प्राचार्यांना नंतर. एकदा मूल्यांकन समिती यायच्या आठवडाभर आधी आमच्याकडं साफसफाई निघाली आणि दोन पोती प्रकल्प किलोवर रद्दीत गेले. मी पोत्यात हात घालून सतरा काढले. आजही माझ्याकडं आहेत. उरलेल्यांत काय होतं, कुणास ठाऊक.

बाइंडिंग हाती आलं की नाव, वर्ग, साल, मार्गदर्शक एवढं उतरवून घ्या आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा : या पोरानं स्वतः जाऊन काही मोजलंय किंवा कुणाला विचारलंय का? असेल तर संशोधन, मग भाषा कितीही मोडकी असो. नसेल तर निबंध. ही माझी कसोटी, तुमचे सर वेगळी देतील.

या कसोटीला पर्यावरणाचे प्रकल्प फार छळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळं पदवीला पर्यावरण सक्तीचं झालं आणि ढिगानं प्रकल्प आले. सिद्धेश्वर तलाव तर इतक्यांनी तपासला की पाण्यापेक्षा अहवाल जास्त झाले असतील! त्यातले निम्मे एकमेकांवरून उतरवलेले. ओळखायचं कसं? नमुना घेतल्याची तारीख तीच, शुद्धलेखनाची चूकही तीच. टाकून देऊ नका, वेगळा रकाना करा. काय आणि किती उतरवलं जात होतं, हाही इतिहासच.

कागदी आकड्यांत दोन खड्डे आहेत. कॉलेजच्या जुन्या अहवालात ‘लघु संशोधन प्रकल्प’ दिसला की पोरं खूश होतात. तो प्राध्यापकांचा असतो, युजीसीच्या म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पैशातला. दुसरा खड्डा नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, लिहिलेल्या स्वयंमूल्यमापन अहवालातला. तिथं प्रकल्प करणारे विद्यार्थी मोजतात, प्रकल्प नव्हे. चौघांनी मिळून एक केला तर आकडा चार. बेरीज करण्याआधी हे तपासा.

‘आविष्कार’चं प्रकरण त्यामानानं सोपं. कुलपतींच्या पुढाकारानं ही संशोधन स्पर्धा २००६-०७ पासून सुरू आहे. भाषा-मानव्यविद्येपासून शेती-पशुसंवर्धनापर्यंत सहा गट. पदवी, पदव्युत्तर आणि त्यापुढचे असे स्तर वेगळे असतात, तुम्ही फक्त पदवीचा घ्या. पण ज्याला बक्षीस मिळालं त्याचंच नाव कॉलेजच्या नियतकालिकात येतं. हरलेल्यांसाठी कॉलेज पातळीची यादी शोधा, ती विभागाच्या फायलीत असते.

अमेरिकेत एमआयटीनं १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा रीतसर कार्यक्रमच सुरू केला, मार्गारेट मॅकव्हिकर यांनी. तिथं सुरुवातीची तारीख सापडते. आपल्याकडं अशी तारीख शोधू नका, उगाच वर्ष जाईल.

निवृत्त सरांकडं जाल तेव्हा “तुमच्या काळात संशोधन कसं होतं?” असं विचारू नका, भाषण ऐकावं लागतं. “कुठल्या पोराचा प्रकल्प अजून लक्षात आहे?” असं विचारा. मग यंत्रमागाच्या कारखान्यात नोंदी घेणारा कुणी, नान्नजला माळढोक बघायला पहाटेची एसटी धरणारा कुणी, असे एकेक निघतात. शेंगाची चटणी आली की समजा, अजून तासभर बसायचंय. सांगितलेलं साल मात्र कागदाशी ताडून बघा. सरांना माणसं आठवतात, सालं नाही.

त्या मुलीला मी सतरांतलं एक दिलं. विडी वळणाऱ्या बायकांच्या मजुरीवरचं, नव्वदीच्या दशकातलं, मराठी टाइपरायटरवर कार्बन लावून काढलेलं. त्या पोरीनं स्वतःच्या गल्लीतल्या चाळीस घरांत विचारलं होतं, आणि मजुरीचा रकाना भरताना एका घरापुढं कंसात लिहिलं होतं, ‘आई’. मार्गदर्शकांनी त्यावर लाल शाईनं ‘नात्याचा उल्लेख नको’ असा शेरा मारलाय.

फोटो काढून घे म्हटलं, तर म्हणाली घरी नेते, सोमवारी आणून देते. चिठ्ठीवर तारीख आणि फोन नंबर लिहून घेतलाय. तुम्हीही कुणाला देताना घ्या.