या चुका टाळा : पिट्युटरीत गाबाचे तंतू शोधताना

गाबा हा चेतापेशींचा निरोधक, म्हणजे पेशींना शांत करणारा, संदेशरेणू; मेंदूखालच्या पिट्युटरी या हॉर्मोन-ग्रंथीत तो वाहणारे चेतातंतू शोधताना नवख्याची पहिली चूक चाकू हातात असतानाच होते. रॅटचा मेंदू कवटीतून उचलला की ग्रंथीला मेंदूशी जोडणारा देठ तुटतो आणि पिट्युटरी तळाच्या खाचेतच बसून राहते. मग ती चिमट्याने ओरबाडून काढली, की मागचा नि मधला खंड पुढच्यापासून सुटतो. हवे असलेले तंतू नेमके त्या दोन खंडांतच दाट असतात! आवरण आधी कापा, ग्रंथी खालून हलकेच उचला.

दुसरी चूक फिक्सेशनची, म्हणजे ऊतक रसायनाने जागच्या जागी पक्कं करण्याची, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी. गाबा हा इवलासा रेणू, नुसत्या फॉर्मॅल्डिहाइडने नीट जागी धरला जात नाही. गाबाविरुद्धची बहुतेक अँटिबॉडी (गाबाला चिकटून तो दाखवणारं प्रथिन) ग्लुटारल्डिहाइडने प्रथिनाला जोडलेल्या गाबावर तयार केलेली असते. त्यामुळे ग्लुटारल्डिहाइड नसेल तर स्लाइड कोरी येते आणि आपण उगाच अँटिबॉडीला शिव्या घालतो. मात्र त्याने ऊतक स्वतःच चमकू लागतं. फ्लुरोसन्स (चमकणाऱ्या रंगाची खूण) वापरणार असाल तर आधी सोडियम बोरोहायड्राइडचा हात फिरवा. ही कटकट नको असेल तर गाबा बनवणारं एन्झाइम, गॅड, रंगवा.

पुढच्या खंडात ठिपके दिसले म्हणून 'तंतू सापडले' असं लिहू नका. तिथे तंतू अगदी विरळ. गाबा तिथे मुख्यतः मेंदूकडून ग्रंथीत येणाऱ्या पोर्टल रक्तवाहिन्यांतून पोचतो, शिवाय काही ग्रंथीपेशींतही तो आढळतो. पेरॉक्सिडेज पद्धतीत (एन्झाइमने तपकिरी रंग उमटवणाऱ्या) तर तांबड्या रक्तपेशीही तपकिरी होतात, म्हणून आधी रक्त धुऊन काढा. खरा तंतू ओळखायचा तो मण्यांच्या माळेसारख्या गाठींवरून. माणसाच्या प्रौढ ग्रंथीत मधला खंड जेमतेम उरलेला असतो, रॅटचं चित्र तिथे जसंच्या तसं चिकटवू नका.

शेवटची चूक कागदावरची. 'निरोधक' म्हणजे पेशी शांत, असं धरून चालतात. मधल्या खंडातल्या मेलॅनोट्रोफ (हॉर्मोन स्रवणाऱ्या) पेशींवर गाबा टाकला की स्राव आधी क्षणभर वाढतो, मग घटतो. मागच्या खंडातल्या चेताग्रांवर तर 1993 मध्येच दिसलं होतं, की गाबा क्लोराइडची दारं उघडून चेताग्राचं विध्रुवण करतो, म्हणजे आतबाहेरचा विद्युतभेद कमी करतो. त्याने सोडियमची दारं निकामी होतात आणि हॉर्मोन सुटणं मंदावतं. तेव्हा नुसत्या रंगवलेल्या स्लाइडवरून 'इथे स्राव थांबतो' असं लिहू नका, स्राव मोजा.