पॉलिटीचा पेपर: कलमं पाठ करायच्या आधी आपलं गाव वाचा

एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हापासून अभ्यासिकेत बसलेली पोरं-पोरी एकच विचारायलेत, की जीएस दोनचं, म्हणजे पॉलिटी (राज्यघटना आणि राज्यव्यवस्था) असलेल्या सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरचं, करायचं कसं. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, "पॉलिटी तर आपली पाठ आहे" म्हणणारेच जास्त गडबडलेत. चार पर्यायांतून बरोबर कलम ओळखणं वेगळं, अन त्याच कलमावर अडीचशे शब्द लिहिणं एकदम वेगळं. मी परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातून संभाजीनगरला येऊन तयारी केलेला माणूस आहे, मला बऱ्याच गोष्टी उशिरा कळल्या, त्या तुम्हाला लवकर कळाव्यात म्हणून हे लिहितोय.

माझा पहिला सराव पेपर अजून माझ्याकडं आहे. प्रश्न होता राज्यपालांच्या स्वेच्छाधिकारांवर. मी कलम १६३ (मंत्रिमंडळाचा सल्ला) लिहिलं, २०० (विधेयकांना संमती) लिहिलं, ३५६ (राष्ट्रपती राजवट) लिहिलं, त्याच्याखाली लाल पेनानं रेघ मारली आणि नव्वद शब्दांत माझं सगळं संपलं. सरांनी मार्जिनमध्ये एकच शब्द लिहिला होता, "मग?" त्या "मग"चं उत्तर शोधता शोधताच माझा खरा अभ्यास सुरू झाला.

आधी पाया. पुस्तक एकच घ्या, कुठलंही चालतं असलेलं, आणि सोबत राज्यघटनेची मूळ प्रत ठेवा, मराठीतली. चार पुस्तकं चाळण्यापेक्षा एक पुस्तक चार वेळा वाचलेलं कधीही चांगलं, हे सगळेच सांगतात पण लायब्ररीत नवीन पुस्तक दिसलं की सगळेच घेतात. मूळ प्रत का म्हणतोय, तर कलमाची भाषा डोळ्याखालून गेली पाहिजे. कलम १६३ मध्ये मंत्रिमंडळाच्या "साह्य व सल्ल्या"ची गोष्ट आहे हे पुस्तकातनंही कळतं, पण एखादी बाब स्वेच्छाधिकारात येते का नाही असा प्रश्न उठला तर राज्यपालांचाच निर्णय अंतिम, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे आणि वादाची खरी गाठ तिथंच आहे, ते स्वतः वाचल्याशिवाय टोचत नाही.

मराठी माध्यमवाल्यांची एक वेगळी अडचण असते ती म्हणजे शब्द. एका पुस्तकात बंदी प्रत्यक्षीकरण, दुसऱ्यात देहोपस्थिती, एकात परमादेश, दुसऱ्यात महादेश. आपण गोंधळतो. यासाठी वहीची शेवटची चार पानं सोडा आणि तिथं शब्दांच्या जोड्या लिहीत जा, मराठीतला एक, मराठीतला दुसरा, आणि इंग्रजी शब्द देवनागरीत, हेबिअस कॉर्पस, मँडॅमस असा. पेपरात कुठला शब्द येईल सांगता येत नाही, म्हणून तिन्ही ओळखीचे पाहिजेत, लिहिताना मात्र पूर्ण उत्तरात एकच वापरा.

घटनादुरुस्त्या आकड्यांनी पाठ करू नका, लई त्रास होतो. त्यांच्या जोड्या असतात, एकीनं काहीतरी केलं आणि दुसरीनं ते बदललं. ४२ वी १९७६ ची, आणीबाणीतली, तिचं बरंच काही उलटवलं १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं. पक्षांतरबंदीची ५२ वी १९८५ ची, त्यातली एक तृतीयांश आमदार फुटले तर चालतं ही पळवाट काढून टाकली २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं. १०२ वी २०१८ ची, तिचा अर्थ लावताना सुप्रीम कोर्टानं ५ मे २०२१ ला मराठा आरक्षणाच्या निकालात मागास वर्गाची यादी ठरवायचा राज्यांचा अधिकार उरला नाही असं म्हणलं, मग त्याच वर्षी १०५ वी आणून तो अधिकार राज्यांना परत दिला. अशी गोष्ट लावली की आकडा आपोआप चिकटतो. आणि हा शेवटचा विषय तर आपल्या मराठवाड्यात चहाच्या टपरीवर रोज चालतो, फक्त टपरीवर कलम ३४२-अ चं नाव कुणी घेत नाही, ते तुम्हाला घ्यायचंय.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी लिहायला बसलो. पॉलिटीचा निम्मा अभ्यासक्रम आपल्या आजूबाजूला चालू आहे, आणि आपण तो पुण्याच्या नोट्समध्ये शोधतोय.

ग्रामपंचायतीपासून धरा. ७३ वी दुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, अकराव्या अनुसूचीत २९ विषय, एवढं सगळ्यांना येतं. पण ग्रामसभेला किती जण गेलात? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांना गावाकडं जा आणि ग्रामसभेत शेवटपर्यंत बसा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला कमी असेल तो आकडा लागतो, तो प्रत्यक्षात जमतो का बघा, बायका बोलतात का बघा, सरपंचबाई असतील तर उत्तरं त्या देतात का त्यांचे मालक देतात ते बघा. महाराष्ट्रात महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, घटनेत किमान एक तृतीयांशच आहे, हा फरक पुस्तकात वाचलेला असतो पण त्या खुर्चीचं वजन सभेत बसल्यावर कळतं. थेट सरपंच निवड २०१७ ला आली, २०२० ला बंद झाली, २०२२ ला परत आली, याचा परिणाम काय झाला हे ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारा, ते सदस्य आणि सरपंच यांच्यात रोज अडकलेले असतात, तुम्हाला अर्ध्या तासात प्रकरण सांगतील. (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, उत्तरात तेच लिहा, तलाठ्याचंही ग्राम महसूल अधिकारी झालंय.)

कलम २४३-ई म्हणतं मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक. मग २०२२ नंतर कित्येक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक का बसले? इथनं तुम्ही सरळ २०२१ च्या गवळी खटल्यात जाता, ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी, म्हणजे समर्पित आयोग, आकडेवारी आणि ५० टक्क्यांची मर्यादा. एक प्रश्न आपल्या जिल्हा परिषदेच्या गेटवर उभा राहून विचारला आणि आरक्षणाचं २४३-डी, मुदतीचं २४३-ई, राज्य निवडणूक आयोगाचं २४३-के तिन्ही झाले.

दुसरं, कलम ३७१. हे बाकी लोक दोन ओळीत उरकतात, आपण तसं करायचं नाही. निजामाचं हैदराबाद १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालं, १९५० च्या घटनेत ते ब वर्गातलं राज्य होतं, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत त्याचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. आपले पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, त्यांचे पुढं आठ झाले. आता बघा, त्या तिन्ही तुकड्यांसाठी घटनेत आज तरतूद आहे. आपल्यासाठी ३७१(२), विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळं आणि निधीच्या समन्यायी वाटपाची राज्यपालांवर विशेष जबाबदारी. तेलंगणासाठी ३७१-डी, १९७३ च्या ३२ व्या दुरुस्तीनं. आणि बिदर-कलबुर्गीकडच्या आपल्या शेजाऱ्यांसाठी ३७१-जे, ९८ व्या दुरुस्तीनं, २०१२ चा कायदा. नीट तुलना करा, ३७१-जे मध्ये शिक्षणात आणि नोकरीत स्थानिकांना आरक्षणाची सोय आहे, ३७१(२) मध्ये मंडळ, निधी आणि संधीची समन्यायी व्यवस्था एवढीच भाषा आहे. आपलं मंडळ १९९४ ला झालं आणि ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. असमतोल संघराज्यवाद (सगळ्या राज्यांना एकसारखे नियम नसणं), प्रादेशिक अनुशेष (विकासात मागं राहिलेली तूट), राज्यपालांचा स्वेच्छाधिकार, तीन वेगवेगळ्या प्रश्नांत हा एकच परिच्छेद वापरता येतो. नागपूर करार १९५३ चा, प्रादेशिक असमतोलावरच्या दांडेकर समिती, केळकर समिती, ही नावं त्याच पानावर लिहून ठेवा.

तिसरं, पाणी. जायकवाडीत वरनं पाणी सोडायचं का नाही यावरनं नाशिक-नगर आणि मराठवाडा यांचं दर काही वर्षांनी भांडण होतं, हे लहानपणापासून ऐकतोय आपण. केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या सातव्या अनुसूचीचं हेच सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. पाणी राज्यसूचीत नोंद १७, आंतरराज्य नद्या संघसूचीत नोंद ५६. गोदावरीचं पाणी महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र यांच्यात वाटायचं तर कलम २६२ आणि १९५६ चा कायदा, लवाद. पण नाशिक आणि पैठण एकाच राज्यात, म्हणून तिथं २६२ लागत नाही, तिथं येतं २००५ च्या कायद्यानं झालेलं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणि समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व. वैधानिक संस्था, नियामक संस्था, अर्धन्यायिक अधिकार, हे शब्द मला क्लासमध्ये तीनदा ऐकून डोक्यात गेले नव्हते, जायकवाडीच्या नाथसागराच्या पाण्यावर लावून बघितले तेव्हा गेले.

खटल्यांचं सांगतो. पन्नास खटले नको, वीस-पंचवीस पुरेत, पण प्रत्येकाचं चार ओळींत यायला पाहिजे, भांडण काय होतं, कोर्टानं काय म्हणलं, त्यानं काय बदललं, आज त्याचं काय चाललंय. घटनेच्या मूलभूत चौकटीचा केशवानंद भारती, २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायाधीश, ७ विरुद्ध ६. मनेका गांधी १९७८, मिनर्व्हा मिल्स १९८०, इंद्रा साहनी १९९२, बोम्मई १९९४, विशाखा १९९७, पुट्टस्वामी २०१७. आणि ११ मे २०२३ चा महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा निकाल तर सविस्तर करा, बहुमत चाचणी बोलवायला राज्यपालांकडं पुरेसा आधार नव्हता असं कोर्टानं म्हणलं, तरी मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला म्हणून जुनं सरकार परत आणता येत नाही असंही म्हणलं, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडं पाठवला. माझ्या त्या नव्वद शब्दांच्या उत्तरात हेच नव्हतं. सरांचा "मग?" म्हणजे हे.

गव्हर्नन्सचा भाग लोकांना कोरडा वाटतो, कारण ई-शासन, पारदर्शकता, उत्तरदायित्व असे गुळगुळीत शब्द आहेत. माझं ऐका, एक माहिती अधिकाराचा अर्ज टाकाच. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत दुसरं. मी गावच्या रस्त्याच्या कामाची माहिती मागितली होती, एका ऑफिसनं अर्ज दुसरीकडं पाठवला, तिथनं अर्धवट कागद आले, अपील करावं लागलं. राग आला, पण त्या तीन महिन्यांत कायद्याची कलमं, प्रथम अपिलीय अधिकारी, स्वतःहून माहिती जाहीर करायची कलम ४ ची जबाबदारी, सगळं कायमचं लक्षात बसलं. सोबत महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा वाचा, आणि रोजगार हमी वाचताना १९७२ च्या दुष्काळापासून सुरुवात करा, १९७७ च्या राज्याच्या कायद्याचं मूळ तिथं आहे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, खडी फोडायला कोण गेलं होतं ते सांगतील.

आंतरराष्ट्रीय संबंधांवर जास्त वेळ घालवू नका, शेजारी देश, मोठ्या संघटना आणि वर्षभरातले मोठे करार, बस.

उत्तरलेखन पहिल्या महिन्यापासूनच. "सिलॅबस झाला की लिहू" म्हणणारे कधीच लिहीत नाहीत, मी पण सात महिने तेच केलं. केंद्राच्या (यूपीएससीच्या) परीक्षेत या पेपरला तीन तासांत २० प्रश्न असतात, १० गुणांना १५० शब्द, १५ गुणांना २५०, म्हणजे एका प्रश्नाला नऊ मिनिटं, तोच वेग राज्याच्या पेपरलाही धरा. रोज दोन उत्तरं, घड्याळ लावून, रेघी कागदावर पेनानं, मोबाईलवर टाईप करून नाही. प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करा, चर्चा करा म्हणलं तर दोन्ही बाजू, समीक्षात्मक परीक्षण करा म्हणलं तर बाजू मांडून स्वतःचा निष्कर्षही पाहिजे. पहिल्या दोन ओळींत कलम आणि संदर्भ, मधे मुद्दे, एक खटला, एक आपल्याकडचं उदाहरण, शेवटी एखाद्या समितीची शिफारस. क्लासच्या फीला पैसे नसतील तर अभ्यासिकेतल्या तिघांनी एकमेकांचे पेपर तपासा, आम्ही तसंच केलं, आणि तपासताना "छान" लिहायचं नाही असा नियम ठेवला होता, "मग?" लिहायचं.

शेवटच्या पंधरा दिवसांत नवीन काही उघडू नका. शब्दांच्या जोड्यांची ती चार पानं, घटनादुरुस्त्यांचं पान, खटल्यांची वही, आणि ३७१ चं पान, एवढंच रोज सकाळी फिरवा आणि दुपारी पेपरच्या वेळेत तीन तास बसून लिहा, कारण हाताला तीन तासाची सवय नसेल तर सोळाव्या प्रश्नापासून अक्षर जातं आणि येत असलेलं उत्तर अर्ध्यावर सुटतं.