इंदूरला पहिली जुनी मोटरसायकल घेताना

दरवर्षी जून-जुलैत मला फोन सुरू होतात. कुणी जळगावहून आलेला असतो, कुणी अकोल्याहून. कुणी पीथमपूरला ट्रेनी म्हणून लागलेला, कुणी भंवरकुआंला खोली घेऊन परीक्षेची तयारी करणारा. "काका, सेकंडहँड गाडी घ्यायचीय. चाळीसेक हजार जमवलेत. ओळखीत कुणी आहे का?" मी धुळ्याहून २००५ साली असाच आलो होतो, बिजासनचा घाट चढून, एक पेटी आणि एक वळकटी घेऊन. त्यामुळे त्यांची घाई मला कळते. तरी माझा पहिला प्रश्न गाडीचा नसतो. मी विचारतो, "आधारवर पत्ता कुठला आहे?"

पोरं गोंधळतात. पण गाडी तुमच्या नावावर करायची तर आरटीओला तुमचा इथला पत्ता लागतो. आधारवर चोपडा किंवा शिरपूर असेल तर काम तिथंच अडतं, आणि मग विकणारा म्हणतो, "अभी चला लो भिया, नाम बाद में करा लेंगे." हे 'बाद में' कधी येत नाही. म्हणून इंदूरला आल्यावर आधी घरमालकाकडून रीतसर भाडेकरार करून घ्या, त्याच्या आधारे आधारवरचा पत्ता बदला आणि मगच गाड्या बघायला निघा. तोवर सिटी बस आणि ऑटोनं भागवा. मेट्रोवर विसंबू नका. ३१ मे २०२५ ला ती सुरू झाली तेव्हा सुपर कॉरिडॉरवरच्या पाचच स्थानकांपुरती होती. राजवाड्याजवळ राहून पीथमपूरची शिफ्ट करणाऱ्याला तिचा उपयोग नाही, हे मला मान्य आहे. रात्री अकराला सुटणाऱ्या माणसाला गाडी हवीच.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "घरी बाबांची एमएच-१९ पडून आहे, तीच आणू का?" सहा-आठ महिन्यांसाठी आला असाल तर जरूर आणा. पण दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, असा कायदा आहे. म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र), इथं मध्य प्रदेशचा रोड टॅक्स, आणि तिकडं भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी वेगळ्या खेपा. दहा-बारा वर्षं जुन्या गाडीसाठी एवढं करण्यापेक्षा ती तिकडंच विका आणि इथं एमपी-०९ घ्या. लायसन्सची मात्र काळजी नको. महाराष्ट्रात काढलेलं लायसन्स देशभर चालतं.

आता पैसे. हातात चाळीस हजार असतील तर चाळीस हजारांची गाडी बघायची नाही, तीस-एकतीसची बघायची. बाराशे ते पंधराशे हेल्मेटचे. ते सगळ्यांत आधी वेगळ्या पाकिटात ठेवा, कारण शेवटी उरतील म्हणून सोडलेले पैसे उरत नाहीत. दोन-तीन हजार इन्शुरन्स आणि नाव-ट्रान्सफरला. उरलेले पाच हजार गाडी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मेकॅनिककडे जाणार आहेत. ऑइल, ब्रेक शू, बहुधा चेन-सेट, आणि नशीब खराब असेल तर मागचा टायर. जुनी गाडी कितीही चांगली निघाली तरी हा खर्च येतोच, कारण विकायची ठरवल्यावर कुणी गाडीवर पैसे घालत नाही.

गाडी कुठली? या बजेटमध्ये माझं उत्तर ठरलेलं आहे: १०० ते १२५ सीसीची साधी गाडी. स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन, सीटी. स्प्लेंडरचं नाव मोठं म्हणून जुनीलाही भाव जास्त मागतात. त्याच पैशांत प्लॅटिना दोन वर्षं नवी मिळते आणि ऑफिसला जाण्यायेण्याच्या कामाला कुठंच कमी पडत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम आले आणि यांतल्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन बसलं. इंजेक्शनची गाडी सकाळी छान चालू होते, पण बिघडली तर नाक्यावरचा मेकॅनिक हात लावायला कचरतो. म्हणून तंगीच्या दिवसांत २०१७ ते २०१९ ची कार्बोरेटरवाली गाडी मला जास्त योग्य वाटते. नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०१८ ची गाडी २०३३ पर्यंत चालेल. त्यातही एप्रिल २०१९ नंतर बनलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारं सीबीएस तेव्हापासून सक्तीचं झालं. कॉलेजच्या पोरांनी वापरलेल्या दोनशे सीसीच्या स्वस्त गाडीपासून लांब राहा. ती स्वस्त का आहे ते महिन्याभरात कळतं.

भाव करण्याआधी एकदा शोरूममध्ये जाऊन त्याच गाडीची नवी किंमत विचारून या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नव्या गाड्या उतरल्या. पण विकणाऱ्याच्या डोक्यात अजून त्यानं मोजलेली जुनी किंमत असते. नवा आकडा तोंडावर असला की भाव करायला जोर येतो.

कागदांबद्दल मी जरा लांब बोलणार आहे, कारण इथं मी स्वतः पोळलो आहे. २००६ साली घेतलेल्या माझ्या पहिल्या गाडीच्या आरसीवर (नोंदणीपत्रावर) बँकेचा बोजा होता. विकणारा म्हणाला, हप्ते संपलेत, पत्र आठवड्यात आणून देतो. मी सगळे पैसे मोजून दिले. आठवड्याचे चौदा महिने झाले. बँकेत गेलो तेव्हा कळलं, तीन हप्ते बाकी होते. ते व्याजासकट मी भरले, तेव्हा कुठं गाडी माझी झाली. तो माणूस काही लबाड नव्हता, अडचणीत होता. पण त्याची अडचण माझ्या पगारातून फिटली. म्हणून आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर त्यांचं नो-ड्यूज पत्र आणि बोजा उतरवण्याचा, त्यांच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय विसार सुद्धा देऊ नका. (विसाराला इथं बयाना म्हणतात. "बयाना दे दो, गाड़ी रोक देता हूँ" हे दहा वेळा ऐकाल.)

बाकीची तपासणी घरबसल्या होते. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इन्शुरन्स, पीयूसी सगळं दिसतं. ई-चलनच्या साइटवर थकलेली चलनं बघा. ती विकणाऱ्यानं भरायची, तुम्ही नाही. प्रत्यक्ष गाडीपाशी गेलात की चेसिस नंबर फडक्यानं पुसून आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहा, इंजिन नंबरही. घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर भाव करत बसू नका, नमस्कार करून निघा.

व्यवहार ठरला की मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. स्टॅम्पपेपरवरची नोटरी म्हणजे नाव-ट्रान्सफर नव्हे, हे डोक्यात पक्कं बसवा. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर त्याला शांतपणे सांगा की नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. "उद्या माझ्या हातून अपघात झाला तर भरपाईची नोटीस तुमच्या घरी येईल," असंही म्हणा. हे ऐकल्यावर बहुतेक जण स्वतःहून सोबत येतात. तरी अर्जाची पावती मिळेपर्यंत चार-पाच हजार हातात राखून ठेवा. आरटीओ नायता मुंडलाला आहे, गावाच्या टोकाला, तेव्हा अर्ध्या दिवसाची सुट्टी काढूनच जा.

इन्शुरन्स लगेच नावावर करून घ्या. त्यासाठी १४ दिवसांची मुदत असते. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला थर्ड पार्टीचा (समोरच्याच्या नुकसानीपुरत्या विम्याचा) वर्षाचा मूळ हप्ता २०२२ मध्ये ७१४ रुपये ठरला. एवढ्याशा पैशांसाठी विनाविमा फिरू नका, पहिल्यांदा पकडलं तरी दंड दोन हजारांचा आहे. दंडाहून मोठी गोष्ट वेगळी आहे: मालक-चालकाला मिळणारं १५ लाखांचं अपघाती संरक्षण आरसीवर ज्याचं नाव त्यालाच लागू होतं. गाडी दुसऱ्याच्या नावावर आणि चालवताय तुम्ही, तर गावाकडच्या आई-वडिलांच्या हाती काही पडत नाही. मी नाव-ट्रान्सफरचा एवढा आग्रह धरतो तो याचसाठी.

गाडी बघायला सकाळी जा आणि आदल्या रात्री फोनवर सांगून ठेवा: "भिया, गाड़ी ठंडी रखना, मैं आके स्टार्ट करूँगा." पोहोचल्यावर आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर समजा, थंडपणी चालू व्हायला ती त्रास देते. दुसऱ्या दिवशी पुन्हा या. चालू केल्यावर सायलेन्सरकडे बघत राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टन-रिंगचं काम निघणार, आणि त्यात तुमचे ते पाच हजार जागेवर संपतात. सकाळी थोडी पांढरी वाफ निघून थांबली तर घाबरायचं कारण नाही.

मीटरवर विश्वास ठेवू नका, रबरांवर ठेवा. मीटर अठरा हजार दाखवतोय आणि फुटरेस्टचं, गिअरचं, किकचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, तर मीटर खोटं बोलतोय. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी इतका जुना टायर पावसात धरत नाही. मग गाडी मेन स्टँडवर लावून, पुढचं चाक उचलून हँडल अलगद डावीकडे-उजवीकडे फिरवा. मध्येच कुठं अडकल्यासारखं झालं तर हँडलचं बेअरिंग, म्हणजे बॉल रेसर गेलाय. त्याचा खर्च किरकोळ, पण भावातून कापून घ्या. शेवटी एखाद्या मित्राला गाडी सरळ चालवायला सांगून मागून पाहा. दोन्ही चाकं एका रेषेत दिसली नाहीत तर गाडी कधीतरी जोरात आपटलेली आहे. अशी गाडी फुकट मिळाली तरी नको. चढावर दम बघायचा तर शास्त्री ब्रिज आहेच, मागं एक जण बसवून तिसऱ्या गिअरमध्ये चढवा.

आता हेल्मेट. गाडी जुनी चालते, हेल्मेट कधीही जुनं घ्यायचं नाही. मित्रानं प्रेमानं दिलेलंही नाही. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. आपटल्यावर तो दबतो आणि धक्का स्वतः खातो, त्यामुळे डोकं वाचतं. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही, आणि वरून कवच चकचकीत असलं तरी आतलं काही दिसत नाही. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या दोनशे-अडीचशेच्या टोप्यांत तर तो थरच नसतो, असतो तो स्पंजचा तुकडा. मी त्यातलं एक विकत घेऊन पोरांना दाखवायला ठेवलंय. आतलं कापड बाजूला केलं की अंगठा थेट प्लॅस्टिकला लागतो.

आयएसआय खूण आणि तिच्यासोबत आयएस ४१५१ हा आकडा बघा. १ जून २०२१ पासून या खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे. खुणेचे खोटे स्टिकर मिळतात, म्हणून त्यावरचा सीएम/एलनं सुरू होणारा लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून दुकानातच खात्री करा. स्टीलबर्ड, स्टड्स, वेगा यांचं पूर्ण तोंड झाकणारं साधं हेल्मेट त्या पाकिटातल्या पैशांत बसतं. काळी काच घेऊ नका, रात्रपाळीला ती घातक आहे.

मापाचं सांगतो, कारण इथं सगळे चुकतात. भुवयांच्या वर टेपनं डोक्याचा घेर मोजा आणि त्या आकड्याचंच घ्या. नवं हेल्मेट गालांना दाबलं पाहिजे, गाल थोडे पुढं यायला हवेत. डोकं हलवल्यावर हेल्मेट मागाहून हललं तर ते मोठं आहे. पट्टा लावून मागच्या कडेनं वर ढकलून पाहा, डोक्यावरून निघून आलं तर रस्त्यावरही निघून येईल. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच ढील ठेवा. १ ऑगस्ट २०२५ पासून इंदूरात हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असा आदेश निघाला होता, तेव्हा पंपापुरती एकमेकांची हेल्मेटं मागून घेणारी पोरं मी पाहिली. तुम्ही तसं करू नका. मागं बसणाऱ्यासाठी दुसरं हेल्मेट पुढच्या पगारात घ्या, आणि ते येईपर्यंत कुणाला मागं बसवू नका. शास्त्री ब्रिजवर चढ बघायला मागं बसेल त्यालाही त्या दिवसापुरतं एखादं बरं हेल्मेट शोधून द्या.

रविवारी सकाळी मी बहुतेक मोकळा असतो. गाडी बघायला सोबत कुणी हवं असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, आणि येताना आरसीचा फोटो, टॉर्च आणि एक जुनं फडकं घेऊन या.