लहान गावातून रंगभूमीकडे: नवख्या अभिनेत्रीने सुरुवात कशी करावी

नाटकाची ओढ असलेल्या लहान गावातल्या तरुणीने मुंबई-पुण्याची वाट धरण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या हौशी नाट्यसंस्थेत जावे, असे मी आग्रहाने सांगेन. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी राज्यातल्या अनेक केंद्रांवर होते, आणि तिच्यासाठी नाटक बसवणाऱ्या संस्थांना स्त्री-भूमिकांकरिता कलाकार मिळवताना बहुधा धावाधाव करावी लागते. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला एकांकिका स्पर्धांचा मार्गही खुला असतो. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून अशाच विद्यार्थी कलाकारांसाठी आहे. पहिली भूमिका चार वाक्यांची असली तरी ती घ्यावी, कारण वाचनापासून रंगीत तालमीपर्यंत नाटक उभे कसे राहते, हे त्या निमित्ताने जवळून पाहता येते.

सर्वांत जास्त मेहनत आवाजावर घ्यावी. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, आणि नवख्या कलाकाराचा श्वास नेमका तिथेच संपतो. ‘मी तुझ्याबरोबर येणार नाही’ या वाक्यातला ‘नाही’ गिळला गेला, तर शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला अगदी उलट अर्थ ऐकू येतो. म्हणून रोज काही वेळ मोठ्याने वाचावे, श्वास पोटापासून घ्यावा, तो कुठे घ्यायचा याच्या खुणा संहितेत पेन्सिलीने कराव्यात आणि एखाद्या मैत्रिणीला सभागृहाच्या टोकाला बसवून शेवटचा शब्द पोहोचतो का, हे विचारावे. ओरडणे म्हणजे आवाज पोहोचवणे नव्हे. ओरडल्याने घसा बसतो आणि भाव हरवतो. आपल्या बोलीची लाज मुळीच बाळगू नये. प्रमाण उच्चार जरूर शिकावेत, पण बोली पुसून नव्हे, कारण उद्या एखादी भूमिका त्याच बोलीतून उभी राहील.

पाठांतर करताना फक्त आपली वाक्ये पाठ करू नयेत. समोरच्याचे बोलणे खरोखर ऐकले, तर आपले वाक्य आपसूक येते.

तालमी बहुधा रात्री चालतात, तेव्हा त्या किती वाजता संपतील, घरी कोण सोडेल आणि दौऱ्यात मुक्काम कुठे असेल, हे होकार देण्याआधीच विचारावे आणि घरच्यांची दिग्दर्शकांशी भेट घालून द्यावी. हे विचारण्यात संकोच कसला? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा अशा वेळी माहीत असावा. दहापेक्षा कमी माणसांच्या संस्थेत अंतर्गत समिती नसली, तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते.

दोन-तीन वर्षे असे काम झाल्यावर रीतसर शिक्षणाचा विचार करावा. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र जवळचे आहे, तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवीबरोबर प्रत्यक्ष नाटकांतला अनुभवही पाहिला जातो. त्यामुळे पहिल्या प्रयोगापासून प्रत्येक नाटकाची पत्रिका, प्रमाणपत्र आणि छायाचित्रे एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवावीत.