टांग्याच्या लगामाला डॉग हुकाऐवजी आकडी कशी बसवावी

तीन वर्षांपूर्वी मिरजेत वरातीच्या बग्गीचा एक घोडा माझ्या डोळ्यांदेखत उधळला. फटाक्यांची माळ लागली, घोड्यानं मान झटकली आणि डावा लगाम तोंडातल्या लोखंडाच्या कडीतून निसटून जमिनीवर लोंबायला लागला. गाडीवानानं हातात उरलेला उजवा लगाम जिवाच्या आकांतानं ओढला, तसा घोडा उजवीकडे वळून गर्दीत घुसला. माणसं वाचली, पण दांडी लागून घोड्याचा पुढचा पाय फाटला. रात्री तो लगाम माझ्या दुकानात आला. चामडं शाबूत, शिवण शाबूत. फक्त टोकाच्या डॉग हुकाची, म्हणजे कुत्र्याच्या साखळीला असतो तसल्या बटणाच्या हुकाची, स्प्रिंग मेली होती. मान झटकताना हुकाचं बटण गालावरच्या बकलात अडकून मागे सरकलं आणि हुक उघडला. तो हुक मीच शिवून दिला होता.

तेव्हापासून मी लगामाला डॉग हुक लावत नाही. लावून मागायला कुणी आलं, तर त्याला समोर बसवून आकडी दाखवतो.

मागणी का होते, ते मला कळतं. दिवसातून चार वेळा घोडा जुंपायचा-सोडायचा, पावसात बकलाचं चामडं फुगतं, बोटं गारठतात, बक्कल निघत नाही. डॉग हुक एका बोटात निघतो आणि हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. साज बनवणारे कारागीरही कमी झाले. मुंबईच्या व्हिक्टोरिया 2015 साली उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवल्या, आमच्या भागातले टांगे रिक्षांनी संपवले. आता उरलं ते लग्नाच्या बग्ग्यांचं काम. नवा साज हवा तर लोक कानपूरहून मागवतात आणि दुरुस्ती हाताला लागेल त्यानं करतात.

पण त्या हुकात तीन खोटी आहेत. स्वस्त हुक जस्ताचा ओतीव असतो, तो वाकत नाही, एकदम तुटतो. त्याची स्प्रिंग घाम आणि धुळीनं मरते, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. तिसरी खोट मला सगळ्यात वाईट वाटते. हुक जड असतो, म्हणून लगाम सैल सोडला तरी घोड्याच्या तोंडात दर पावलाला टकटक होत राहते. मग त्याच्यासाठी ओढलेला लगाम आणि सोडलेला लगाम यात फरक उरत नाही.

आकडी म्हणजे पट्ट्यावर पक्की बसवलेली चपट्या पायाची, गोलसर नाकाची, बिनस्प्रिंगची छोटी धातूची आकडी. जुन्या इंग्रजी स्वारीच्या साजात लगाम आणि गालपट्टे तोंडाच्या कडीला असेच जोडलेले असायचे. पट्ट्याचं टोक कडीतून ओवून मागे दुमडायचं आणि टोकातली चीर आकडीवर चढवायची. लगामावर ताण आला की चीर आकडीत आणखी खोल बसते. सोडायचं असेल तर टोक आधी एक सेंटिमीटर मागे सरकवून मग वर उचलायचं. घोड्याच्या मानेची झटक या दोन्ही हालचाली एकामागोमाग करत नाही, माणसाचं बोट सहज करतं. सवय झाली की एका बाजूला मला दोन-तीन सेकंद लागतात.

आता करायचं कसं ते सांगतो.

चामडं सालींनी कमावलेलं घ्या. आमच्याकडे कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून जे कमावतात, तसलं. जाडी 4 ते 5 मिलिमीटर, रुंदी 25 मिलिमीटर. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ लागतं, पण ते ताणलं जातं आणि चीर लांबते. नायलॉनच्या पट्टीवर आकडी बसवू नका, कडेचे धागे सुटतात.

टोकाचा भाग वेगळा कापा, 30 सेंटिमीटरचा. तो मूळ लगामाला 7 सेंटिमीटर चढवून शिवायचा, आणि चढणाऱ्या दोन्ही बाजू रापीनं, म्हणजे चामडं तासायच्या सुरीनं, उताराच्या करायच्या, नाहीतर तिथे पायरी होते आणि पट्टा नेमका पायरीवर तुटतो. शिवण दोन सुयांची, हाताची, मेण लावलेल्या धाग्याची, इंचाला सहा टाके. बारीक टाके दिसतात छान, पण आरीची भोकं जवळजवळ पडली की पोस्टाच्या तिकिटासारखं चामडं त्याच रेषेत फाटतं. मशीनची शिवण इथे नको, तिचा एक टाका झिजला की ओळ उसवत जाते.

आकडी पितळी किंवा स्टेनलेसची. विकत मिळाली नाही तर लोहाराकडून करून घ्या, पण कानशीनं घासून ती इतकी गुळगुळीत करा की कापसाचा बोळा फिरवला तर एक तंतू अडकू नये. ती बसवताना तांब्याचे दोन रिव्हेट. एकच मारला तर आकडी फिरते.

आकडीचं नाक कुठल्या दिशेला, यात हमखास चूक होते. नाक गाडीवानाच्या दिशेला, म्हणजे घोड्याच्या तोंडाच्या उलट. दुमडलेलं टोक ताणानं तोंडाकडे ओढलं जातं, तेव्हा ते नाकाच्या खाली शिरलं पाहिजे. उलटी बसवलीत तर प्रत्येक ताणाला टोक बाहेर यायला बघेल. आणि आकडी पट्ट्याच्या आतल्या अंगाला ठेवा, घोड्याच्या बाजूला. बाहेर ठेवली तर दांडीला, झुडपाला, जोडीच्या घोड्याच्या साजाला अडकते.

चिरेचं सांगतो, कारण ते मला दोन लगाम वाया घालवून कळलं. नुसती सुरीनं चीर पाडली तर ती महिन्याभरात लांबते. आधी 5 मिलिमीटरचं गोल भोक पाडा, ते पट्ट्याच्या मोकळ्या टोकाच्या बाजूला. तिथून तोंडाच्या कडीकडे जाणारी 8 ते 10 मिलिमीटरची चीर द्या आणि ती संपते तिथे सुईएवढं भोक पाडा. ओढ लागते तेव्हा आकडीची मान गोल भोकात बसते, चिरेच्या टोकावर जोर येत नाही. गोल भोकापासून पट्ट्याच्या टोकापर्यंत किमान 6 सेंटिमीटर चामडं शिल्लक हवं.

आकडीच्या दोन्ही बाजूंना चामड्याचा एकेक लूप शिवा. कडीकडचा लूप पट्टा आकडीवर दाबून धरतो, मागचा लूप टोक वर उचलू देत नाही. मागचा लूप घट्ट हवा, पण भिजल्यावरही टोक निघेल इतकाच. म्हणून लूप शिवताना मी पट्ट्याखाली जुन्या पोस्टकार्डाची एक घडी सरकवून ठेवतो, शिवून झाल्यावर ती काढून घेतो. तेवढी फट पावसाळ्यात पुरते.

रिव्हेटची डोकी घोड्याच्या अंगाकडे सपाट ठोका, वर चामड्याची पातळ चकती चिकटवा. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी 1965 चे केंद्राचे नियम आहेत. त्यात काटेरी किंवा टोचणारं तोंडातलं लोखंड, साज वापरायला मनाई आहे. घासून वर आलेला रिव्हेट हाही घोड्याच्या गालाला काटाच.

तयार लगाम लगेच घोड्याला लावू नका. तुळईला साखरेचं पन्नास किलोचं पोतं टांगून दहा मिनिटं ठेवा, मग भोकाची कड बघा. नंतर पोतं काढून सैल लगाम शंभर वेळा जोरात झटका. रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी डोळे मिटून, एका हातानं सोडून बघा. सुटत नसेल तर मागचा लूप परत शिवा. महिन्यातून एकदा एरंडेल तेलाचा हलका हात द्या. फार तेल दिलं तर चामडं लोळतं आणि चीर ढिली पडते.

आता मुद्दा उरतो संकटात झटकन सोडण्याचा. घोडा डांबरी रस्त्यावर घसरून पडला तर काय? त्या वेळी लगाम सोडायचाच नसतो. मला हे एका म्हाताऱ्या टांगेवाल्या चाचांनी शिकवलं. ते म्हणायचे, "बेटा, आधी डोकं धर, मग गाडी सोड, लगाम सगळ्यात शेवटी." पडलेला घोडा डोकं वर केल्याशिवाय उठू शकत नाही. एकानं त्याच्या कानामागे मानेवर हलकेच गुडघा टेकून डोकं खाली धरायचं आणि त्याच्याशी बोलत राहायचं. दुसऱ्यानं छातीपट्ट्यापासून गाडीपर्यंत जाणारे ओढीचे पट्टे, पुठ्ठ्यामागचा पट्टा आणि पोटपट्टा सोडून गाडी मागे ढकलायची. डोळ्यांवरची झापडं तोवर काढायची नाहीत, मागची गाडी दिसली की घोडा आणखी बिथरतो.

म्हणून ताणाखाली सुटणारी जोडणी ओढीच्या पट्ट्यांना द्या. शिडाच्या बोटींवर वापरतात ती पिन ओढून उघडणारी स्टेनलेसची स्नॅप शॅकल इथे उत्तम. पिनेच्या कडीत लाल चामड्याची बोटभर पट्टी बांधा, म्हणजे गोंधळात हात तिथेच जातो. ती परवडत नसेल तर जुवाची शिवळ, म्हणजे बैलाच्या मानेशेजारची खुंटी, आठवा. शिवळ उपसली की बैल मोकळा. तशीच बाभळीची निमुळती खुंटी करून पट्ट्याच्या फासात घाला, मेण लावा, बारीक टोकाला सुटू नये म्हणून सुतळीचा एक वेढा द्या आणि जाड टोकाला वादी बांधा. वादी ओढली की वेढा तुटून खुंटी बाहेर येते.

घोडा खुंट्याला बांधायचा तो मोहरकीनं, म्हणजे तोंडात लोखंड नसलेल्या डोक्याच्या साजानं. लगामानं बांधलेला घोडा दचकून मागे सरला तर तोंडातलं लोखंड त्याची जीभ कापतं. दोर थेट लोखंडी कड्याला न बांधता कड्यात सुतळीचा एक फास ठेवा आणि दोर त्या फासाला. गाठ अशी द्या की शेपूट ओढताच सुटेल: दोर फासातून ओवा, त्याचा एक वळसा करा, मोकळ्या टोकाची घडी करून ती घडीच वळशातून घाला आणि आवळा. घोडा घाबरून जोरात ओढायला लागला तर सुतळी तुटते, मान वाचते.

लगामाची हातातली दोन टोकं बकलानं जोडलेली असतात. त्या फासात गाडीवानाचा पाय अडकला तर तो फरफटत जातो. मी ते बक्कल काढून तिथे सुतळीचा एकेरी टाका घालतो, आणि दर अमावस्येला साज पुसताना तो बदलतो.